केशवाहिनीची ती आकृती: जरा पुरावा मागूया

शरीरक्रियाशास्त्राच्या बहुतेक पुस्तकांत ही आकृती असते. एक आडवी नळी, डावीकडे धमनीचं टोक, उजवीकडे शिरेचं. डावीकडे बाण बाहेर जातात, उजवीकडे आत येतात. सोबत आकडे: रक्ताचा दाब डावीकडे ३५, उजवीकडे १५ मिमी पारा. प्लाझ्मातली प्रथिनं पाणी आत ओढतात, ती ओढ दोन्हीकडे २५. म्हणजे एका टोकाला १० ने बाहेर, दुसऱ्या टोकाला १० ने आत. हिशेब कसा चोख!

रिसर्च पेपर वाचताना आपण आकृत्यांवरून भराभर पुढे जातो. पण आकृती हेसुद्धा एक विधान असतं आणि विधानाला पुरावा मागता येतो. तर आज हिलाच मागूया.

पहिली हरकत बाणांवरच्या शब्दांना आहे. अनेक ठिकाणी बाहेरच्या बाणावर ‘ऑक्सिजन, ग्लुकोज’ आणि आतल्या बाणावर ‘कार्बन डायऑक्साइड, टाकाऊ पदार्थ’ असं लिहिलेलं असतं. वाचणाऱ्याला वाटतं, पाणी बाहेर झिरपतं आणि ऑक्सिजन त्याच्यासोबत वाहत जातो.

करून बघा हिशेब. पुस्तकी आकड्यानुसार, मूत्रपिंड वगळता, दिवसाला साधारण २० लिटर द्रव केशवाहिन्यांतून बाहेर झिरपतो. एक लिटर प्लाझ्मात विरघळलेला ऑक्सिजन असतो जेमतेम ३ मिलि. म्हणजे झिरपण्यातून दिवसभरात मिळणार ६० मिलि. स्वस्थ बसलेल्या माणसाला मिनिटाला लागतो सुमारे २५० मिलि. दिवसभराचा पुरवठा पंधरा सेकंदांत संपला! ग्लुकोजचंही तेच: लिटरला सुमारे १ ग्रॅम धरला तर दिवसाला २० ग्रॅम. एकट्या मेंदूलाच त्याच्या कितीतरी पट लागतं.

मग हे सगळं पोचतं कसं? विसरणाने. जिथे जास्त तिथून जिथे कमी तिकडे, प्रत्येक पदार्थ स्वतंत्रपणे. ऑक्सिजन बाहेर पडत असताना त्याच जागी कार्बन डायऑक्साइड आत शिरत असतो, अगदी धमनीच्या टोकालासुद्धा. त्यासाठी पाण्याने कुठल्या दिशेला वाहायची गरज नाही. दाबांचं गणित पाण्याच्या वाटणीचं आहे, पेशींच्या पोषणाचं नाही. आकृतीने दोन वेगळ्या प्रक्रिया एकाच बाणात कोंबल्या आहेत.

दुसरी हरकत जास्त खोल आहे: शिरेच्या टोकाला पाणी खरंच सतत परत आत येतं का?

कल्पनेचं मूळ अर्नेस्ट स्टार्लिंग यांच्या १८९६ च्या पेपरात आहे. त्यांनी कुत्र्याच्या मागच्या पायाच्या ऊतींत मिठाचं पाणी सोडलं, ते रक्तात शोषलं गेलं. सीरम सोडलं तेव्हा तसं झालं नाही. निष्कर्ष बरोबर होता: प्रथिनांची ओढ पाणी आत आणू शकते. पुढे १९२० च्या दशकात युजीन लँडिस यांनी बेडकाच्या एकेका केशवाहिनीत बारीक काचनळी घालून दाब मोजला. तेही काम अस्सल. पण ‘आणू शकते’ आणि ‘रोज, सतत आणते’ यांत फरक आहे, आणि आकृती तो फरक गिळून टाकते.

१९८७ मध्ये मिशेल आणि फिलिप्स यांनी नेमका हाच फरक तपासला. बेडकाच्या केशवाहिनीतला दाब अचानक उतरवला की पाणी आत येताना दिसलं. पण दाब तसाच काही मिनिटं धरून ठेवला की आत येणं थांबलं. कारण सोपं आहे. पाणी आत गेलं, प्रथिनं बाहेरच राहिली, भिंतीलगत त्यांची दाटी वाढली आणि आतल्या ओढीला बाहेरून तोड मिळाली. त्यातच केशवाहिनीच्या आतल्या बाजूला शर्करा-प्रथिनांचा पातळ थर असतो, ग्लायकोकॅलिक्स. खरी चाळणी तीच, आणि ओढ मोजायची ती या थराच्या अल्याड-पल्याड. लेव्हिक आणि मिशेल यांनी २०१० च्या आढाव्यात हे सगळं एकत्र मांडलं: बहुतेक ऊतींत केशवाहिनीच्या पूर्ण लांबीभर पाणी थोडंथोडं बाहेरच जातं आणि ते परत आणण्याचं काम लसिकावाहिन्या करतात. आतडं आणि मूत्रपिंड अपवाद, कारण तिथे प्रथिनं कमी असलेला ताजा द्रव बाहेरून सतत येत राहतो.

हा वाद फक्त पुस्तकी नाही. जुन्या आकृतीवरून डॉक्टर असा हिशेब करत की अल्ब्युमिन रक्तात टिकतं, तेवढंच काम सलाईनने करायचं तर तिप्पट द्यावं लागेल. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये सुमारे ७,००० अतिदक्षता रुग्णांवर झालेल्या २००४ च्या ‘सेफ’ चाचणीत प्रत्यक्षात साधारण १.४ पटच लागलं, आणि २८ दिवसांतल्या मृत्यूंत फरक दिसला नाही.

पण इथेही सावध राहा. ‘सेफ’ने नवं प्रारूप सिद्ध केलं, असं कुणी म्हणालं तर थांबवा. ती चाचणी त्यासाठी आखलेलीच नव्हती. ती एवढंच सांगते की जुन्या हिशेबाने बांधलेला अंदाज चुकला. आणि नव्या प्रारूपाचा थेट पुरावाही मुख्यतः बेडूक आणि उंदरांच्या आतड्याभोवतीच्या पडद्यातला आहे. आजारी माणसापर्यंतची उडी मोठी आहे.

आता तुमची पाळी. तुमच्या विषयातली सगळ्यांना पाठ असलेली एक आकृती घ्या आणि तीन प्रश्न विचारा. हे कुठल्या प्राण्यात, कुठल्या ऊतीत मोजलं? किती वेळ मोजलं? बाणावर लिहिलेलं प्रमाण साध्या गुणाकारात टिकतं का? संशोधन प्रस्तावाचा पहिला परिच्छेद बऱ्याचदा तिसऱ्या प्रश्नातून निघतो.