गोधडी : आवडीची कामे, नावडीची कामे

भंडारा जिल्ह्यात गोधडी शेतीच्या कामांतून वेळ काढून शिवली जाते. रोवणी जुलै-ऑगस्टमध्ये, धानाची कापणी दिवाळीच्या आगेमागे, उन्हाळ्याच्या तोंडावर मोहफुले, मे महिन्यात तेंदूपाने आणि कित्येक घरांत वर्षभर विड्या वळणे. या कामांमधल्या मोकळ्या दुपारी जुनी लुगडी बाहेर निघतात. त्यामुळे गोधडी सलग क्वचितच पुरी होते. गुंडाळून कोपऱ्यात ठेवलेली अर्धवट गोधडी कोणत्या टप्प्यावर थांबली आहे, हे पाहिले की शिवणारीला कोणते काम नकोसे झाले ते कळते.

पहिले काम कापडाचे. धुवून धुवून मऊ झालेले सुती लुगडे हा गोधडीचा खरा माल. नऊवार म्हणजे सुमारे आठ मीटर कापड, त्यातला विरलेला भाग आतल्या थरांत जातो आणि बरा भाग वर राहतो. कोणता रंग वर घ्यायचा, कोणत्या काठाची चौकट करायची, हे ठरवताना घरातल्या सगळ्याच बायका भोवती जमतात. त्याआधीचे धुणे, वाळवणे, शिवणी उसवणे आणि चिंध्यांची निवड मात्र कंटाळवाणी. पॉलिएस्टरच्या साड्या आल्यापासून हा कंटाळा वाढला आहे. सुती तुकडे शोधून वेगळे काढावे लागतात. पॉलिएस्टर घाम टिपत नाही, थरांत सरकते, आणि सुई त्यातून सुती कापडातल्यासारखी सहज जात नाही. गोधडीच्या कलेला बसलेला सर्वांत मोठा धक्का मालाचा आहे. नव्या पिढीला शिवण्याची हौस नाही, ही तक्रार त्यामानाने वरवरची आहे.

सर्वांत नावडते काम अंथरण्याचे आणि कच्चे टाके घालण्याचे. खालचे अस्तर जमिनीवर ताणून पसरायचे, त्यावर एकेक थर घालायचा, प्रत्येक थराची सुरकुती हाताने मध्यापासून कडेकडे काढायची आणि लांब लांब टाक्यांनी सगळे थर एकमेकांना धरून ठेवायचे. यासाठी मोकळी जमीन हवी आणि चार कोपरे ओढायला माणसे हवीत. सारे काम ओणव्याने होते, कंबर आणि गुडघे धरतात. शेवटी हे टाके उसवूनच टाकायचे असतात, म्हणून त्या श्रमाची खूण कुठे उरत नाही आणि त्याचे कौतुकही होत नाही. अमेरिकेतल्या गोधडीकारांतही याच कामाबद्दल कुरकुर असते. तिकडे टाक्यांऐवजी पिना किंवा फवारायचा गोंद वापरून ते उरकण्याकडे कल आहे. तरीही गोधडीचा दर्जा याच टप्प्यावर ठरतो. आतला एखादा थर ढिला राहिला, तर पुढचा धावदोरा कितीही सुबक असो, पहिल्याच धुण्यात गोळे होतात आणि वरचे कापड फुगते.

धावदोरा हे आवडीचे काम, आणि ती आवड समजण्यासारखी आहे. बहुतेक ठिकाणी शिवण कडेपासून सुरू होते आणि चौकटीत चौकट करत आत सरकते. सरावलेला हात सुईवर तीन-चार टाके एकदम घेतो आणि मग दोरा ओढतो. आखणी नसते, दोन ओळींमधले अंतर बोटांना ठाऊक असते. समोरासमोर बसून दोघी-तिघी एकाच गोधडीवर शिवू शकतात, बोलणे चालू राहते, काम मध्येच सोडून पुन्हा धरता येते. शिवता शिवता विरलेली जागा दिसली की तिथे ठिगळ बसते, आणि तोच नक्षीचा भाग होतो. पाश्चात्त्य पद्धतीत वरचा तुकडेजोड पदर आधी पूर्ण करतात आणि थर शिवण्याचे काम नंतरचे असते. त्यामुळे तुकडे जोडण्याची हौस असलेल्या कित्येकजणी पुढची शिवण पैसे देऊन मोठ्या यंत्रावर करून घेतात. महाराष्ट्रातल्या जुन्या गोधडीत ही दोन कामे अशी तोडता येत नाहीत. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी समाजाच्या स्त्रियांची कवंदी नावाची गोधडीही अशीच कडेकडून आत शिवत नेतात आणि ठिगळे त्याच ओघात बसवतात. ठरलेल्या नमुन्यावाचून या गोधड्यांत जो जिवंतपणा येतो, त्याचे मूळ या पद्धतीत आहे.

गोट लावणे हे लहान काम, पण कोपरे नीट दुमडायला सगळ्यांनाच आवडते असे नाही. घाईने शिवलेला कोपरा आधी फाटतो.

आज बाजारात मिळणारी गोधडी बरीचशी मशीनवर शिवलेली असते. टाके एकसारखे, ओळी सरळ, पण थर दाबले गेल्याने ती कडक लागते. उमेद अभियानातल्या बचत गटांमुळे आणि महालक्ष्मी सरससारख्या प्रदर्शनांमुळे गोधडीला शहरी गिऱ्हाईक मिळाले, ही चांगलीच गोष्ट. पण गिऱ्हाईक वरचा टाका पाहते, त्यामुळे मोल त्याचेच ठरते आणि उसवणे-अंथरणे हिशेबाबाहेर राहते. शिवाय मशीनने बायकांचे आवडते काम घेतले आहे आणि नावडते त्यांच्याकडेच ठेवले आहे.

भंडारा जिल्ह्यातल्याच कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या, उद्योगाकडे पाहिले की दुसरी दिशा दिसते. ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर कोसा वाढवायचा, कोश उकळून धागा काढायचा, मग मोहाडी-आंधळगावच्या मागांवर कापड विणायचे, अशी ही साखळी आहे. टसर पट्ट्यात बायका उघड्या मांडीवर घासून धागा वळत, त्याने कातडी सोलपटून निघे. केंद्रीय रेशीम मंडळाने नेमकी हीच रीत बंद करण्याचा प्रयत्न केला आणि त्यासाठी ‘बुनियाद’ नावाचे धागा काढण्याचे यंत्र पुढे आणले. म्हणजे तिथे यंत्र सर्वांत त्रासाच्या कामावर बसवले गेले.

गोधडीसाठी असे साधन अवघड नाही. कंबरेच्या उंचीचे एक रुंद टेबल, कडांना कापड ताणून धरणारे चिमटे, आणि गावात ते ठेवायला समाजमंदिराची जागा एवढ्यावर अंथरणे उभ्याने होईल, दोघींतही भागेल. कच्चे टाके घातलेली गोधडी गुंडाळून घरी नेता येईल आणि धावदोरा पूर्वीसारखाच ओसरीवर चालेल. मजुरी ठरवताना अंथरण्याचा दर वेगळा लावला, तर ते काम करणारीचे नावही हिशेबाच्या वहीत चढेल.