परिपत्रकातले रान आणि बोरिवलीचे रान

दिवंगत पोप फ्रान्सिस यांच्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकावर 24 मे 2015 ही तारीख आहे. त्याला दहा वर्षे होऊन गेली. या काळात त्यावर प्रवचने झाली, शिबिरे भरली, सप्टेंबरच्या पहिल्या दिवसापासून संत फ्रान्सिसच्या सणापर्यंतच्या सृष्टिकाळात प्रार्थनाही होऊ लागल्या. मात्र एक ग्रंथ म्हणून त्याची चिकित्सा मराठीत झालेली आमच्या पाहण्यात नाही. भक्तिभावाने वाचलेल्या पुस्तकाच्या वाट्याला बहुधा हेच येते. येथे आम्ही त्यातील मोजक्या परिच्छेदांविषयीच बोलणार आहोत, आणि तेही अंधेरी, बोरिवली, मुलुंड या पट्ट्यातले रहिवासी वाचक म्हणून.

परिपत्रकाचे नाव असिसीच्या संत फ्रान्सिसच्या सूर्यगीतात धृपदासारख्या येणाऱ्या शब्दांवरून घेतलेले आहे. त्यामुळे वाचक ते स्तोत्र समजून हाती घेतो. वस्तुतः 246 परिच्छेदांच्या या लेखनाचा पहिला अध्याय जवळजवळ अहवालाच्या भाषेत उतरला आहे. त्यातील 39 वा परिच्छेद आम्हांला फार महत्त्वाचा वाटतो. मूळचे रान जाऊन त्या जागी एकाच जातीच्या झाडांची लागवड झाली, तर काय गमावले याचा हिशेब सहसा कोणी करत नाही, असे तेथे म्हटले आहे. पाठोपाठ पाणथळ जमिनी आणि किनाऱ्यावरची खारफुटी यांचा उल्लेख येतो. 42 व्या परिच्छेदात तर निसर्गव्यवस्था कशा चालतात याच्या संशोधनावर अधिक खर्च करा, असे सरळ सांगितले आहे. प्रवचनांत या दोन परिच्छेदांची वर्णी क्वचितच लागते, कारण ते डोळ्यांत पाणी आणत नाहीत, काम सांगतात.

पावसाळा आला की धर्मग्रामाधर्मग्रामांतून वृक्षारोपण होते. रोपे असतात ती रोपवाटिकेत सहज मिळणारी. गुलमोहर मादागास्करचा, सुबाभूळ मध्य अमेरिकेची. गुलमोहरावर आमचा राग नाही. मे महिन्यातली त्याची शोभा कोण नाकारील? पण लावणाऱ्याने 39 वा परिच्छेद वाचला असेल, तर त्याच्या मनात एखादा प्रश्न तरी उठायला हवा होता.

हा दोष केवळ वाचकांचा नाही. परिपत्रक ॲमेझॉन आणि कांगोच्या खोऱ्यांची नावे घेते, एखाद्या विशिष्ट झाडाजवळ मात्र थांबत नाही. साऱ्या जगासाठी लिहिलेल्या ग्रंथाला ते शक्यही नव्हते. परिणाम असा झाला की बोरिवलीच्या वाचकाला ते दुसऱ्या कोणाच्या रानाविषयीचे पुस्तक वाटते, आणि स्वतःचे 104 चौरस किलोमीटरचे राष्ट्रीय उद्यान रविवारच्या सहलीपुरते उरते.

येथे आपल्याच घरातला एक वारसा आठवतो. स्विस येसूसंघीय फादर एथेलबर्ट ब्लॅटर 1903 साली सेंट झेवियर्स महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवण्यास आले. 1905 मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात त्यांनी मुंबई इलाख्यातील खारफुटीवर निबंध लिहिला. धोबीतलावच्या त्या महाविद्यालयातील वनस्पतिसंग्रहालय आज त्यांच्याच नावाने ओळखले जाते. पुढे स्पेनहून आलेले फादर हर्मेनेगिल्ड सांतापाव यांनी त्याच परंपरेत काम केले. भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे ते संचालकही झाले. 1951 साली त्यांचा मुंबई इलाख्यातील अडुळशाच्या कुळावरील ग्रंथ निघाला, 1953 साली खंडाळ्याच्या वनस्पतींवरील.

अडुळसा आपण खोकल्यापुरता ओळखतो. पण याच कुळात राष्ट्रीय उद्यानाच्या उतारांवरची कारवी येते. ती आठ वर्षांतून एकदा फुलते. तेथे 2016 साली फुलली, नंतर 2024 साली. एरवी ती उतारावरची माती धरून ठेवते, आणि तिच्या काठ्यांचे कूड करून आदिवासींच्या घरांच्या भिंती उभ्या राहतात. गोराई-मनोरीच्या खाडीकाठच्या चिखलात वाढणारी काटेरी पानांची मारांडी याच कुळातली. मुंबईच्या खाड्यांत सर्वत्र दिसणाऱ्या तिवरालाही आजचे शास्त्रज्ञ याच कुळात धरतात. डोंगर आणि खाडी यांचे नाते सांगायला याहून चांगला दाखला कुठला? परिपत्रकात सारे काही एकमेकांशी जोडलेले आहे हे वाक्य वेगवेगळ्या रूपांत पुनःपुन्हा येते, आणि आठव्या-दहाव्या वेळी ते थोडे गुळगुळीत लागते. कारवी, मारांडी आणि तिवर एका ओळीत ठेवले की त्याला धार येते.

पाण्याचेही तसेच. दहिसर नदी तुळशी तलावातून निघते. मिठी नदी विहार आणि पवईच्या सांडव्याची. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा आपल्या उपनगरात नदी आहे हे अनेकांना प्रथमच कळले. कान्हेरीच्या भिक्षूंना मात्र पाणी नेमके कुठून उतरते हे ठाऊक होते. त्यांनी कातळात पन्हळी कोरून पाऊस टाक्यांत साठवला. तेथील शिलालेखांत अशा टाक्याला ‘पोढी’ म्हटले आहे. हा शब्द मराठीतून हरवला याची आम्हांला खंत वाटते.

फादर ब्लॅटर आणि फादर सांतापाव यांच्या लेखनालाही मर्यादा आहे. ते इंग्रजीत आणि लॅटिनमध्ये आहे, आणि त्यात वनस्पती आहे, माणूस सहसा नाही. तेथे परिपत्रकाचा 146 वा परिच्छेद पुढचे पाऊल टाकतो: ज्यांच्या जमिनीवर मोठे प्रकल्प येतात, त्या आदिवासी समाजांशी आधी बोला. जमीन आणि पाणी यांविषयी असे बोलणे आपल्या साहित्याला नवे नाही. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हरित वसईच्या चळवळीत टँकरने उपसल्या जाणाऱ्या विहिरींचा प्रश्न मांडला, तो परिपत्रकाच्या पंचवीसएक वर्षे आधी. त्यांच्या लेखनातली विहीर खरी आहे, कारण तिला गाव आहे.

आता आरेकडे पाहू. 4 ऑक्टोबर 2019 रोजी उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री मेट्रोच्या कारशेडसाठी वृक्षतोड सुरू झाली. तो दिवस असिसीच्या संत फ्रान्सिसच्या सणाचा होता. 7 ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबवली, तोवर 2,141 झाडे पडली होती. पुढे कारशेड तेथेच झाली. मेट्रोही धावते आहे. 2,141 हा आकडा सर्वांच्या तोंडी झाला. त्यांत ऐन किती, बोंडारा किती, सुबाभूळ किती, हे क्वचितच कोणी विचारले. आरे ही 1949 साली उभारलेली दुग्धवसाहत, तिथली बरीच झाडे लावलेली. म्हणून ते रानच नव्हे, असा एक युक्तिवाद होता. त्याला उत्तर द्यायचे तर घोषणा अपुरी पडते, याद्या लागतात: कोणते झाड, कोणत्या उतारावर, कोणत्या पाड्याच्या उपयोगाचे. परिणामांचा अभ्यास प्रकल्प ठरण्याच्या आधी व्हावा, नंतर नव्हे, असे 183 वा परिच्छेद सांगतो. त्यातले ‘आधी’ म्हणजे किती आधी, हे ब्लॅटर यांच्या 1905 च्या निबंधावरून समजते.

तेव्हा आमची मागणी लहान आहे. या परिपत्रकाची एक सटीप मराठी आवृत्ती निघावी. 39 व्या परिच्छेदाखाली तिवर, चिपी, काजळा आणि मारांडी यावीत, पाण्याच्या परिच्छेदांखाली पोढी, आणि 146 व्याखाली वारली माणसे कारवीविषयी काय सांगतात ते. टीपा लिहिणाऱ्याला धोबीतलावच्या कपाटांपर्यंत जावे लागेल, आणि आरेच्या पाड्यांपर्यंतही.