पडद्यावरचें भूत आणि पुस्तकांतलें भूत

कादंबरीवरून मालिका निघावी हा आतां आपल्याकडे नित्याचा व्यवहार झाला आहे. परंतु मालिकेवरून कादंबरी निघावी, हें मात्र अजून आपणांस विपरीत वाटतें. ज्याला कथेचा शेवट ठाऊक आहे, ज्यानें पात्रांचे चेहरे, त्यांचे आवाज, फार काय त्यांच्या घराचा उंबरठाहि शेंकडों वेळां पाहिला आहे, त्यानें त्याच मंडळींची हकीकत पुन्हां पदरचे पैसे मोडून विकत घ्यावी व रात्रीं दिव्याखालीं बसून वाचावी, ह्यांत त्याला लाभ तो कोणता? हा प्रश्न अनेक सुशिक्षित गृहस्थ विचारतात आणि उत्तराची वाट न पाहतां नाक मुरडतात. प्रस्तुत लेखकहि कांहीं दिवसांपूर्वीं त्यांच्यांतलाच होता. घरांतील एका तरुण वाचकाच्या टेबलावर अशा तीन-चार कादंबऱ्या पडलेल्या दिसल्या; रागावण्यासाठीं म्हणून एक उचलली आणि ती संपेपर्यंत हातची सुटली नाहीं, हें प्रांजळपणें सांगितलें पाहिजे.

ह्या कादंबऱ्या 'सुपरनॅचरल' नांवाच्या अमेरिकन मालिकेवरच्या. ही मालिका सप्टेंबर २००५ मध्यें सुरू झाली आणि नोव्हेंबर २०२० मध्यें संपली. एकंदर पंधरा पर्वें व ३२७ भाग. सॅम व डीन विंचेस्टर हे सख्खे भाऊ. त्यांच्या बाळपणीं आईचा एका पिशाच्चानें बळी घेतला, बाप त्या पिशाच्चाच्या शोधांत रानोमाळ हिंडला, आणि मुलांनींहि पुढें तोच धंदा पत्करला. १९६७ सालची एक काळी शेव्हरले इंपाला मोटार, तिच्या मागच्या कप्प्यांत मीठ, लोखंड आणि बंदुका, व दर आठवड्यास नवें गांव आणि नवें भूत, असा एकंदर प्रकार. २००७ पासून ह्या भावांवर कादंबऱ्या निघूं लागल्या. कीथ डिकँडिडो ह्यांची 'नेव्हरमोअर' त्या वर्षींचीच. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागांत एडगर ॲलन पो ह्याच्या कथांबरहुकूम खून पडूं लागतात आणि भाऊ तेथें येऊन पोहोंचतात. स्थळाची निवड सहज झालेली नाहीं. पो १८४६ पासून ह्याच भागांतील एका झोपडीवजा घरांत राहत होता, १८४७ च्या आरंभीं त्याची पत्नी तेथेंच वारली, आणि तें घर अद्याप जतन करून ठेविलेलें आहे. त्याच वर्षीं जेफ मॅरिअट ह्यांची ॲरिझोनांत घडणारी 'विचेज कॅन्यन' आली, आणि २००८ त डिकँडिडो ह्यांचीच फ्लॉरिडाच्या दक्षिण टोंकाची 'बोन की'.

असलीं पुस्तकें लिहिणाराच्या डोक्यावर एक विलक्षण अट असते. मालिका चालू असतां पात्रें जेथून उचललीं तेथेंच तीं परत नेऊन ठेवावयाचीं. दोन भागांच्या मधल्या फटींत कथा बसवावयाची. त्या अवधींत भावांपैकीं कोणी मरावयाचें नाहीं, कोणाचें लग्न व्हावयाचें नाहीं, कोणाला असा धडा मिळावयाचा नाहीं कीं जो पुढच्या भागांत दिसला पाहिजे. कादंबरी म्हणजे मनुष्याच्या जीवनांत झालेला पालट, अशी जी आपली समजूत, तिला ही अट मुळांतूनच छेद देते. मग भीतीचें काय? डीन मरणार नाहीं हें ज्याला ठाऊक आहे त्याला डीनच्या गळ्याभोंवतीं भुताचीं बोटें आवळलीं गेल्याचें वाचून घाम फुटत नाहीं. भूतकथा ह्या दृष्टीनें हीं पुस्तकें बहुधा दुबळीं आहेत, हा आमचा स्पष्ट अभिप्राय आहे.

तथापि चाहते भीतीसाठीं तीं वाचीत नाहींत. त्यांना हवा असतो सहवास. पडद्यावरच्या चाळीस-बेचाळीस मिनिटांत भूत यावें, त्याचें मूळ सांपडावें व तें जाळलें जावें, ह्याच घाईंत सगळा वेळ जातो. दोन गांवांमधला रस्ता दाखवावयास सवड कोठली? कादंबरींत तो रस्ता मिळतो. एक भाऊ झोंपला आहे, दुसरा गाडी हांकतो आहे, आणि बापाविषयीं जें त्यानें तोंडानें कधींच काढलें नसतें तें त्याच्या मनांतून चाललें आहे, असें पान वाचकास मिळालें कीं त्याचे पैसे वसूल झाले. नटाचा चेहरा मनाचा थांग सुचवूं शकतो. मनांतलें वाक्य त्याला दाखवितां येत नाहीं. तें काम शब्दांचें आहे, आणि सामान्य लेखकाच्या हातचे शब्दहि तें थोडेंबहुत करतात.

शेवट ठाऊक असलेली गोष्ट पुन्हां ऐकण्यांत कमीपणा मानावयाचा, तर आपण महाराष्ट्रीयांनीं आधीं आपल्या कीर्तनांकडे पाहावें. सीता परत येणार हें ठाऊक नसलेला श्रोता कोणत्या देवळांत बसला होता? बुवांनीं आख्यान लावलें म्हणजे मूळ कथेच्या दोन श्लोकांमधली जागा ते आपल्या पदरच्या प्रसंगांनीं भरून काढीत, आणि श्रोते त्याच जागेसाठीं माना डोलावीत. मोरोपंतांनीं एकशें आठ रामायणें रचलीं अशी प्रसिद्धि आहे. त्यांतील एकांतहि रावण जिंकला नाहीं. विंचेस्टर बंधूंची तुलना रामलक्ष्मणांशीं करण्याचा आमचा हेतु नाहीं, आणि वाचकांनींहि तसा आरोप करूं नये. परंतु ठाऊक असलेल्या मंडळींकडे पुन्हां पुन्हां जाण्याची जी ओढ, ती उथळ नव्हे, आणि नवीहि नव्हे.

अमेरिकेंतहि हा प्रकार जुनाच. 'डार्क शॅडोज' ही भुताखेतांची दुपारची मालिका १९६६ त सुरू होऊन १९७१ त संपली. तिच्यावर मॅरिलिन रॉस ह्या नांवानें तीसांहून अधिक कादंबऱ्या निघाल्या. मॅरिलिन हें नांव पत्नीचें. लिहिणारे गृहस्थ कॅनडाचे डॅन रॉस. ह्या गृहस्थांच्या कादंबऱ्यांतील घटना मालिकेंतील घटनांशीं जुळत नाहींत. दोन्ही कथा आपापल्या वाटेनें गेल्या. तरी वाचकांनीं पुस्तकें टाकून दिलीं नाहींत. बार्नबस कॉलिन्स हा रक्तपिपासु सद्गृहस्थ त्यांना भेटत होता, तेवढें त्यांना पुरे होतें. 'सुपरनॅचरल'च्या कर्त्यांना तर ह्या वेडाची इतकी ओळख होती कीं २००९ मधील एका भागांत त्यांनीं त्या दोघां भावांच्याच हातीं स्वतःच्या आयुष्यावरच्या स्वस्त कादंबऱ्या दिल्या. टोपणनांवानें लिहिणारा एक लेखक त्यांचें सर्व जीवन आधींच छापून मोकळा झाला आहे, आणि त्या पुस्तकांचे चाहते त्यांच्यावरून आपसांत वाद घालीत आहेत! चाहत्यांची थट्टा खरी, पण घरच्या माणसाची करावी तशी.

आतां आपल्याकडे वळूं. मराठींत भयकथेची वाट पुस्तकाकडून पडद्याकडे गेली. उलट आली नाहीं. नारायण धारप (१९२५–२००८) ह्यांच्या कादंबऱ्या वर्षानुवर्षें वाचनालयांतून फिरून खिळखिळ्या झाल्या, आणि टीकाकारांनीं मात्र त्यांची दखल घेतली नाहीं. त्यांची 'लुचाई' स्टीफन किंगच्या 'सेलम्स लॉट' वरून घेतलेली हें सर्वश्रुत आहे, आणि तेवढ्यावरून त्यांना झटकून टाकण्याचीहि रीत आहे. पण धारपांचा 'समर्थ' घ्या. अघोरी शक्तींशीं झुंजणारा हा पुरुष कथेमागून कथेंत येतो आणि वाचक त्याचीच वाट पाहतो. विंचेस्टर बंधूंच्या चाहत्यास जें हवें असतें तेंच समर्थाच्या वाचकास मिळत होतें, आणि तेंहि मध्यें कोणताहि पडदा नसतांना.

धारपांच्या एका कथेचा प्रवास तर आम्हां वैदर्भीयांना विशेष जवळचा आहे. 'तुंबाड' (२०१८) ह्या चित्रपटाचे दिग्दर्शक राही अनिल बर्वे ह्यांना ती कथा प्रथम १९९३ मध्यें एका मित्रानें सांगितली, आणि तीहि आपल्या नागझिऱ्याच्या जंगलांत. म्हणजे कथा छापील होती, ती ऐकली तोंडून, आणि पंचवीस वर्षांनीं ती पडद्यावर आली. ज्यांनीं नागझिऱ्याच्या रानांत एक रात्र काढली आहे, त्यांना ती पंचवीस वर्षें कां टिकली हें निराळें सांगावयास नको.

झी मराठीवरील 'रात्रीस खेळ चाले' (२०१६) हें मात्र केवळ पडद्याचें अपत्य. सावंतवाडीजवळच्या आकेरी गांवांत घेतलेली ही मालिका नाईकांच्या वाड्यांत घडते. अण्णा नाईकांच्या मृत्यूनें ती उघडते, विखुरलेलीं मुलें वाड्यावर जमतात, आणि जमीनजुमल्याच्या गोष्टी निघूं लागतात तशीं भुतेंहि निघूं लागतात. पुढें २०१९ मध्यें दुसरें पर्व आलें, तें कथेला पुढें नेणारें नव्हे तर मागें नेणारें. जिवंत अण्णा आणि त्यांची शेवंता ह्यांचें. माधव अभ्यंकर व अपूर्वा नेमळेकर ह्यांच्या त्या भूमिका नागपुरांतहि घरोघर पोहोंचल्या, आणि मालवणी न समजणाऱ्यांच्या तोंडीं मालवणी शब्द बसले.

हें मागें जाणें आम्हांस फार अर्थपूर्ण वाटतें. अमेरिकन भूत रस्त्यावरचें. तें शोधावयास मोटार लागते, म्हणून विंचेस्टरांना नवीं गांवें सरत नाहींत. आपलें भूत जागेला बांधलेलें. मुंजा पिंपळावर, गिऱ्हा पाण्यांत, आणि समंध आपल्या पुरलेल्या धनावर. वाडा सोडून तें जात नाहीं, कारण त्याचा जीव वाटणींत अडकलेला असतो. नाईकांचा वाडा काय किंवा 'तुंबाड'चा वाडा काय, दोन्हीकडे भुताआधीं वारसा येतो. अशा कथेला पुढें नवें गांव नसतें; तिला फक्त भूतकाळ असतो. अमेरिकेंत जी फट कादंबरीकार भरतो, ती येथें मालिकेनेंच आपली आपण भरून काढली, आणि मराठी लेखकाला कांहीं काम उरलें नाहीं असें वरवर दिसतें.

परंतु काम उरलें आहे. अण्णांची पत्नी माई, शकुंतला नरे ह्यांनीं उभी केलेली, ही पडद्यावर सोसते, रडते, सुनांना संभाळते आणि नवऱ्याची शेवंता डोळ्यांसमोर पाहते. मालिकेला रोजचा भाग भरावयाचा असतो. माईचे अश्रु तिला भरपूर कामास येतात, पण माई काय विचार करते हें विचारावयास ती थांबत नाहीं. अण्णा गेल्यानंतर तिला मोकळें वाटलें काय? वाटलें असल्यास तिनें तें कोणास सांगितलें? अंगणांतल्या तुळशीला? ह्या प्रश्नांसाठीं कोणी कादंबरी लिहिली तर ती आम्ही रांगेंत उभे राहून घेऊं. शेवंतेचेंहि तसेंच. तिसऱ्या पर्वांत ती भूमिका करणारी नटी बदलली आणि प्रेक्षक हळहळले. कागदावरची शेवंता अशी मध्येंच बदलली नसती.

एक आक्षेप मात्र गंभीरपणें घेतला पाहिजे. ह्या मालिकेनें कोंकणाची बदनामी होते व अंधश्रद्धेला खतपाणी मिळतें, अशी तक्रार ती सुरू होतांच झाली. ज्या नागपुरांतून १९८२ पासून अंधश्रद्धा निर्मूलनाची चळवळ चालली, तेथील वाचकानें ती हंसण्यावारी नेऊं नये. जादूटोण्याविरुद्धचा कायदा ह्या राज्यांत २०१३ सालीं झाला, आणि तो होण्यापूर्वीं त्यासाठीं झटणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा त्याच वर्षीं खून पडला होता. आमचें मत असें कीं ह्या बाबतींत पुस्तक पडद्याहून निरुपद्रवी आहे. दूरचित्रवाणी जेवणाच्या ताटासमोर चालते, आजीपासून नातवापर्यंत सर्वांपुढें एकाच वेळीं, आणि तीवरचा मांत्रिक शेजारच्या बातम्यांइतकाच खरा दिसतो. पुस्तक मनुष्य स्वतः उघडतो. हें मीं मानावयाचें नाहीं, घटकाभर मानल्यासारखें करावयाचें आहे, हा करार प्रत्येक पान उलटतांना तो नव्यानें करतो. शिवाय माईच्या मनांत शिरणारी कादंबरी भुताला फार वेळ भूत राहूं देणार नाहीं. त्या वाड्यांत कोणाचा कोणावर अन्याय झाला, हें बोलावेंच लागेल.

राहिला भाषेचा प्रश्न. अशी कादंबरी मालवणींत लिहिली तर विदर्भांतला वाचक अडखळेल, आणि पुणेरी मराठींत लिहिली तर माई आपल्या तोंडानें बोलणार नाहीं, असें प्रकाशक म्हणतील. पण येथेंच चाहता लेखकाच्या मदतीस येतो. त्यानें माईचा आवाज वर्षभर ऐकला आहे; छापील मालवणी वाक्य डोळ्यांपुढें येतांच तो आवाज त्याच्या कानांत उठेल आणि तळटीपेवांचून अर्थ लागेल. आमच्या घरांतल्या त्या तरुण वाचकाला हें सांगितलें तेव्हां त्यानें विचारलें, "मग लिहितंय कोण?" अद्याप कोणाचें नांव आम्हांस सुचलेलें नाहीं.