किती वेळ टिकतं?

कुत्रा पाळणारी दोन माणसं भेटली की चौथ्या-पाचव्या मिनिटाला त्या रबरी खेळण्याचा विषय निघतोच. तुमच्या घरी कुत्रा नसेल तर आधी ते कसं दिसतं ते सांगते. उतरंड डोळ्यांसमोर आणा. एकावर एक तीन गोळे, खालचा मोठा, वरचा लहान, सगळं एकाच जाड रबराचं आणि आतून पोकळ. त्या पोकळीत खाऊ भरायचा आणि ते कुत्र्यापुढे टाकायचं. मग कुत्रा ते पंजात धरतो, चाटतो, चघळतो, फरशीवर आपटतो आणि आतला खाऊ कणाकणाने बाहेर काढतो.

विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "तुमच्याकडे किती वेळ टिकतं?"

या प्रश्नाचे दोन अर्थ आहेत आणि दोन्ही चालतात. रबर किती महिने फाटत नाही, हा एक. आत भरलेला खाऊ किती मिनिटं पुरतो, हा दुसरा. तिसराही एक अर्थ आहे, तो माझ्या लक्षात यायला बरेच दिवस गेले. मला किती वेळ घराबाहेर राहता येईल? आपल्याला विचारायचा असतो तो हाच. तोंडाने मात्र आपण मिनिटं विचारतो, कारण ते कमी लाजिरवाणं वाटतं.

माझी ठकी म्हणजे साधी गावठी कुत्री. २०२० च्या पावसाळ्यात सोसायटीत उभ्या असलेल्या एका गाडीखाली सापडली. हाताच्या ओंजळीत मावेल एवढी. आजीच्या लहानपणी लाकडाची बाहुली असायची तिला ठकी म्हणत, तेच नाव आईने ठेवलं. त्यानंतरचं दीड-पावणेदोन वर्ष मी कर्वेनगरच्या फ्लॅटमधून काम करत होते. या काळात ठकीने मला सलग वीस मिनिटंसुद्धा नजरेआड होऊ दिलं नसेल. मलाही ते आवडायचं, हे कबूल करते. मग २०२२ मध्ये ऑफिसने आठवड्यातून तीन दिवस हिंजवडीला बोलावलं. पहिल्याच आठवड्यात सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तक्रार आली की बी विंगमधला कुत्रा दिवसभर रडतो. 'भुंकतो' लिहिलं असतं तर मी भांडले असते. सोसायटीला कुत्रा पाळण्यावर बंदी घालता येत नाही, असं भारतीय पशू कल्याण मंडळाच्या मार्गदर्शक सूचनांत आहे, ते मला तोंडपाठ होतं. पण 'रडतो' लिहिलं होतं.

म्हणून ते खेळणं घरात आलं. मूळ प्रसिद्ध कंपनीचं नव्हे, त्याच घाटाचं पण दुसऱ्या कुणाचं तरी.

मुळात हे आलं कुठून, ती गोष्ट ऐकण्यासारखी आहे, आणि मी नंतर जे म्हणणार आहे त्याच्याशी तिचा संबंध आहे. अमेरिकेतल्या कोलोरॅडोमध्ये जो मार्कम नावाच्या माणसाकडे फ्रिट्झ नावाचा जर्मन शेफर्ड होता, पोलिसांच्या कामातून निवृत्त झालेला. त्याला दगड चावायची सवय. दगड चावून चावून दात झिजायला लागले. मार्कम त्याला पर्याय शोधत होता, पण काहीच पसंत पडेना. एक दिवस तो आपली जुनी फोक्सवॅगन व्हॅन दुरुस्त करत होता. सस्पेन्शनमधला एक रबरी भाग त्याने काढून बाजूला टाकला आणि फ्रिट्झने दगड सोडून तो पकडला. गाडीच्या त्या भागाचा आकार साधारण असाच असतो, गोळ्यावर गोळा. एका ओळखीच्याने तो बघून म्हटलं की हे तर किंग काँगच्या कानातलं बूच दिसतंय. म्हणून नाव पडलं काँग. १९७६ मध्ये कंपनी सुरू झाली आणि आज या प्रकारच्या कुठल्याही खेळण्याला लोक सरसकट काँगच म्हणतात, झेरॉक्ससारखं.

वस्तू म्हणून हे खेळणं मला खरंच आवडतं. त्यात सजावट नाही. हाडाचा आकार नाही, डोळे-मिशा नाहीत, दाबल्यावर चीं होत नाही. आकार वेडावाकडा असल्यामुळे ते पडलं की कुठल्या दिशेला उसळेल ते कुत्र्याला कळत नाही, मला तर नाहीच. पळणाऱ्या उंदरासारखं ते दिशा बदलतं. दोन्ही टोकांना भोकं आहेत, एक मोठं, एक बारीक. बारीक भोक बिनकामाचं वाटतं, पण ते नसेल तर चाटता चाटता आत पोकळी तयार होऊन कुत्र्याची जीभ अडकू शकते. एकच भोक असलेल्या स्वस्त चेंडूंमध्ये हाच धोका असतो. रबर इतकंच कडक की दाताखाली दबतं. वेटरनरी डॉक्टर एक सोपी परीक्षा सांगतात. वस्तूवर अंगठ्याचं नख दाबून बघा, खूण उमटली नाही तर ती दातांसाठी फार कडक. शिंगं आणि वाळवलेली हाडं या परीक्षेत नापास होतात, आणि ती चावून दाढेचा कपचा उडालेले कुत्रे दवाखान्यात कमी नसतात. पिल्लांसाठी मऊ रबर असतं, म्हाताऱ्या कुत्र्यांसाठी वेगळं, आणि जे काहीही फाडू शकतात त्यांच्यासाठी काळं. दाताला काय हवं, याचा विचार करून केलेली ही वस्तू आहे, आणि दुकानातल्या रंगीबेरंगी भिंतीवर अशा वस्तू फार नसतात.

भरण्याचंही एक शास्त्र आहे. बारीक भोक आधी पीनट बटरने बुजवायचं, तळाशी सुका खाऊ, मध्ये ओला, वर पुन्हा घट्ट काहीतरी, आणि रात्रभर फ्रीझरमध्ये. गोठवलं की पाच मिनिटांचं काम पाऊण तासाचं होतं. आपल्याकडच्या लोकांनी यात केलेली भर मला फार आवडते. दहीभात, उकडलेलं रताळं, लाल भोपळा, पनीर, कुस्करलेलं अंडं. कांदा, मनुका, चॉकलेट नको, हे बहुतेकांना माहीत असतं. पीनट बटर मात्र डबा उलटा करून वाचून घ्या. काही बिनसाखरेच्या पीनट बटरमध्ये झायलिटॉल असतं आणि ते कुत्र्यांना विष आहे. आणि एक गोष्ट परदेशातल्या व्हिडिओंमध्ये कुणी सांगत नाही, ती म्हणजे मुंग्या. सोफ्याखाली घरंगळून गेलेलं दहीभाताचं काँग संध्याकाळी सापडतं तेव्हा त्यावर अख्खं गाव वसलेलं असतं. धुवायला बाटलीचा ब्रश लागतो आणि तरी आतल्या वळणात काहीतरी राहतंच.

तर मी हे सगळं केलं. रविवारी रात्री तीन खेळणी भरून फ्रीझरमध्ये ओळीने ठेवायची. आई म्हणायची, माझ्या डब्याला कधी एवढी मेहनत घेतली नाहीस. सकाळी दारातून निघताना ठकीपुढे एक ठेवायचं आणि मागे न बघता लिफ्ट गाठायची.

कुत्रेवाल्यांचे अनुभव ऐकत गेलं की त्यांचा साचा दिसायला लागतो. आधी कुत्र्याने केलेली नासधूस: सोफा, चपला, चार्जर, एकाने तर दाराची चौकट सांगितली. मग खेळण्याचं आगमन. मग थोडी अडचण, कुत्र्याला जमेना, मग गोठवण्याची युक्ती. आणि शेवटी शांतता. "आता घरात आहे की नाही कळत नाही." हे वाक्य, थोड्याफार फरकाने, मी कितीतरी जणांकडून ऐकलंय आणि ते प्रत्येक वेळी कौतुकाने म्हटलेलं असतं. त्या क्षणी कुत्र्याला काय वाटत होतं याबद्दल गोष्टीत काहीच नसतं. नासधूस थांबली, आवाज थांबला, गोष्ट संपली. तक्रार करणाऱ्यांची गोष्टही याच मापाने मोजलेली, फक्त उलटी: एवढे पैसे घालून माझ्या लॅब्रॅडॉरने सात मिनिटांत संपवलं.

माझीही गोष्ट याच साच्यात बसत होती. संध्याकाळी यायचे, ठकी नाचायची, मी कपडे बदलून येईपर्यंत खेळणं रिकामं झालेलं दिसायचं. मी ऑफिसात सांगायचे, सगळं चाटूनपुसून संपवते. ग्रुपवर तक्रारीही कमी झाल्या होत्या.

मग एका मैत्रिणीने तिचा जुना कॅमेरा दिला. पहिल्या दिवशी कँटीनमध्ये बसून फोनवर बघितलं. खेळणं मी ठेवलं होतं तिथेच होतं. त्याच्याभोवती वितळलेल्या दह्याचं छोटं थारोळं. ठकी दारापाशी बसलेली, नाक फटीला. धापा टाकत होती. भुंकत नव्हती, रडतही नव्हती. फक्त लिफ्टचा आवाज आला की उठून उभी राहायची. दुपारी तीनला बघितलं, तसंच. साडेचारला, तसंच. सात वाजता मी आले, ती नाचली, मी आत गेले, आणि नंतर मी ते रेकॉर्डिंग लावून बघितलं: मी आत गेल्या गेल्या तिने धावत जाऊन खेळणं पकडलं आणि दिवसभराचं आंबलेलं दहीभात अधाशासारखं खाल्लं. मी घरात असल्यावरच तिला खाणं जात होतं.

कुत्र्यांच्या वर्तनावर काम करणाऱ्या कुणालाही यात नवल वाटणार नाही. एकटं असताना आवडीचं खाणंही न शिवणं, ही विरहाच्या भीतीची अगदी नेहमीची खूण आहे. घाबरलेला प्राणी खात नाही. आपणही परीक्षेच्या सकाळी पोहे ढकलून देतोच की.

इथे मला या खेळण्याबद्दल, म्हणजे खरं तर त्याबद्दल जे बोललं जातं त्याबद्दल, तक्रार आहे. कंटाळा आणि भीती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कंटाळलेल्या कुत्र्याला काम हवं असतं. घाबरलेल्या कुत्र्याला माणूस हवं असतं. सोफा दोघंही फाडतात, म्हणून बाहेरून ती एकच गोष्ट दिसते आणि दोघांच्याही पुढे तेच रबर ठेवलं जातं. कंटाळ्यावर ते उत्तम औषध आहे. भीतीवर त्याने काही होत नाही. उलट कधीकधी बिघडतं, कारण कुत्रा हुशार असतो. थोड्याच दिवसांत ठकी फ्रीझरचं दार उघडल्याच्या आवाजाने लपायला लागली. दहीभात म्हणजे ताई जाणार, एवढं गणित तिने मांडलं होतं.

या खेळण्याच्या बाजूने एक शास्त्रीय युक्तिवाद नेहमी केला जातो, की प्राण्यांना फुकटच्या खाण्यापेक्षा कष्टाचं खाणं आवडतं. याचं मूळ १९६३ मधल्या एका प्रयोगात आहे. ग्लेन जेन्सन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने उंदरांसमोर खाण्याची भरलेली वाटी ठेवली, तरी बरेच उंदीर कळ दाबून खाणं मिळवत राहिले. पुढे पुष्कळ प्राण्यांत असंच काहीसं दिसलं. मांजरांनी मात्र २०२१ मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासात सरळ फुकटची वाटी पसंत केली, जे मांजर पाळणाऱ्या कुणीही विनाप्रयोग सांगितलं असतं. या युक्तिवादाशी माझं भांडण नाही. पण कळ दाबायला आधी डोकं शांत असावं लागतं. आणि कष्टाच्या सुखाबद्दल दिवसातून तीन तास हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये बसणाऱ्या माणसाने कुत्र्याला सांगावं, यात मला थोडं हसू येतं.

फ्रिट्झच्या गोष्टीत मार्कम काम करत होता, कुत्र्याकडे त्याचं फार लक्षही नसेल. पण तो तिथेच होता. अंगण एकच होतं. कुत्रा चावत होता, माणूस नट फिरवत होता. त्या वस्तूचा जन्म झाला तो अशा शेजारात. आपण तिला मालक नसतानाची वस्तू केलं, आणि ती ते काम करत नाही म्हणून कधी तिला, कधी कुत्र्याला बोल लावला. आजीच्या गावी, साताऱ्याकडे, कुत्रा अंगणात जुनी चप्पल चघळत पडलेला असायचा. त्याला कुणी गुंतवून ठेवत नव्हतं. पण अंगणात दिवसभर कुणी ना कुणी असायचंच. त्या काळाचे गोडवे गात नाही. त्या कुत्र्याला लस मिळाली नव्हती आणि उन्हाळ्यात त्याच्या कानात गोचिडांच्या माळा असायच्या. एवढंच की एकटेपणा नावाचा आजार त्याला माहीत नव्हता.

डॉक्टरांनी सांगितलेला उपाय कंटाळवाणा आणि संथ निघाला. दाराबाहेर जायचं, पाच सेकंदांत परत यायचं. मग दहा. ती घाबरायच्या आत परत यायचं, हे महत्त्वाचं. सहा आठवड्यांत आम्ही बारा मिनिटांपर्यंत पोचलो. काही कुत्र्यांना गोळ्याही लागतात, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. मात्र हे चालू असताना कुत्र्याला दिवसभर एकटं ठेवता येत नाही, आणि ऑफिस तर तीन दिवस होतंच.

खालच्या मजल्यावर एमपीएससीचा अभ्यास करणारा लातूरकडचा एक मुलगा राहतो, चौघांत एक खोली. अभ्यासिकेचे पैसे भरून भरून कंटाळला होता. मी त्याला विचारलं, माझ्या फ्लॅटवर बसून अभ्यास करशील का, पैसे मीच देते. त्याला आधी वाटलं मी चेष्टा करतेय. त्याने कुत्रा पाळलेला नव्हता, थोडी भीतीही होती. पहिल्या दिवशी मी फ्रीझरमधलं एक खेळणं त्याच्या हातात देऊन निघाले, लिफ्टमध्ये पोटात गोळा.

पावणेबाराला त्याचा फोटो आला. टेबलावर इतिहासाचं पुस्तक उघडं, खाली त्याच्या पायांवर टेकून ठकी आडवी, पुढच्या पंजांत ते रबर. सोबत मेसेज होता, "ताई, संपलं हे. परत भरायचं का?"