इनामगाव ओस का पडलं? एका सिद्धान्ताची तपासणी

पीएचडीच्या सिनॉप्सिसमध्ये एक वाक्य हमखास सापडतं: 'हवामान बदलामुळे या संस्कृतीचा ऱ्हास झाला.' मग ती सिंधू संस्कृती असो, अक्कडचं साम्राज्य असो, नाहीतर आपली जोर्वे संस्कृती. वाक्य शास्त्रीय वाटतं, त्यामुळे फारसं कुणी अडवत नाही. खरं तर अडवायला हवं. का, ते इनामगावच्या उदाहरणावरून बघू.

इनामगाव पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी आहे. १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजने तिथे उत्खनन केलं. सांकलिया, ढवळीकर आणि अन्सारी ही त्यातली प्रमुख नावं. एकच खोल खड्डा घेऊन थर मोजण्याऐवजी त्यांनी मोठं क्षेत्र आडवं उघडलं, त्यामुळे वस्तीची रचना समोर आली. इथे तीन कालखंड मानले जातात: माळवा (इ.स.पू. १६०० ते १४००), पूर्व जोर्वे (१४०० ते १०००) आणि उत्तर जोर्वे (१००० ते ७००). पूर्व जोर्वे काळात मोठी चौकोनी घरं, पाण्यासाठी बांध आणि पाट, बार्लीची शेती. उत्तर जोर्वे काळात मात्र लहान, गोल झोपड्या.

ढवळीकरांनी 'फर्स्ट फार्मर्स ऑफ द डेक्कन' (१९८८) या पुस्तकात याचं स्पष्टीकरण दिलं. इ.स.पू. १००० च्या सुमारास हवामान कोरडं झालं, शेती साधेना, लोक शेळ्यामेंढ्या आणि शिकारीकडे वळले आणि शेवटी गाव सुटलं. या मांडणीची ताकद मान्य करायलाच हवी. नुसत्या खापरांच्या याद्या न देता माणसं काय खात होती, कशी राहत होती, हा प्रश्न त्यांनी विचारला. घरं, धान्य, जनावरांची हाडं हे सगळं एका सूत्रात ओवलं.

अडचण त्या सूत्रातच आहे. १९८८ साली दख्खनच्या पावसाची स्वतंत्र आणि नेमकं कालमापन केलेली नोंद हाताशी नव्हती. अशा वेळी नकळत असं होतं: गाव ओस पडलं म्हणजे दुष्काळ असणार, आणि दुष्काळ होता म्हणून गाव ओस पडलं. ज्या गोष्टीचं कारण शोधायचं, तीच पुरावा म्हणून वापरली जाते.

दुसरी अडचण जागेची. प्रवरेकाठचं दायमाबाद इ.स.पू. १००० च्या सुमारास उजाड झालं. तिथून साधारण शंभर किलोमीटरवरचं इनामगाव मात्र आणखी तीनशे वर्षं टिकलं. दोन्ही गावं पर्जन्यछायेच्या कोरड्या पट्ट्यातली. पाऊस दोघांचाही कमी झाला असेल, तर एक आधी का उठलं आणि दुसरं का तगलं? याचं उत्तर एकट्या पावसात मिळणार नाही.

तिसरी अडचण तारखांची. इ.स.पू. ८०० ते ४०० या काळात कार्बन-१४ चा कॅलिब्रेशन वक्र जवळजवळ सपाट आहे. म्हणजे या काळातला नमुना कितीही काळजीपूर्वक मोजला, तरी तारखेत शतकांचा फरक राहू शकतो. 'इ.स.पू. ७०० ला गाव सुटलं' आणि 'त्याच वेळी पाऊस हटला' ही जोडी लावताना हे विसरून चालत नाही.

ग्वेन रॉबिन्स शुग यांनी 'बायोआर्किऑलॉजी अँड क्लायमेट चेंज' (२०११) या पुस्तकात थेट या सिद्धान्तालाच आव्हान दिलं. इनामगावात लहान मुलांना दोन रांजण तोंडाला तोंड लावून घराच्या जमिनीखाली पुरत असत. त्या सांगाड्यांचा अभ्यास करून उत्तर जोर्वे काळातल्या मुलांच्या वाढीवर ताण होता, असं त्या दाखवतात. पण कारण म्हणून अचानक आलेला दुष्काळ त्यांना पटत नाही. प्रदेश आधीपासूनच निमकोरडा होता, तेव्हा लोकांनी निवडलेली शेती आणि जगण्याची पद्धत टिकाऊ होती का, हे बघा, असं त्यांचं म्हणणं.

मला ही मांडणी जास्त पटते, कारण ती थेट माणसांच्या शरीरापर्यंत जाते. पण तिलाही प्रश्न विचारायला हवेत. दफनात सापडतात ती मेलेली मुलं. जी जगली, मोठी झाली, त्यांचं बालपण त्या रांजणांत नाही. शिवाय हाडावर आजाराची खूण उमटायला माणूस त्या आजारात काही काळ तगावा लागतो. म्हणजे खुणा जास्त दिसल्या की समाज जास्त आजारी, इतकं सरळ गणित नसतं. यालाच अस्थिविज्ञानातला विरोधाभास म्हणतात. आणि हाडं ताण होता एवढं सांगतात, तो कशामुळे आला हे स्वतःहून सांगत नाहीत.

मग हवामानाला काही अर्थच नाही का? आहे. इनामगावचं उत्खनन चालू होतं त्याच काळात १९७२ चा दुष्काळ पडला. विहिरी आटल्या, जनावरं गेली, लोक खडी फोडायला गेले, मिलो आणि सुकडी खाऊन दिवस काढले. तरी या पट्ट्यातली गावं कायमची ओस पडली नाहीत. दुष्काळी कामं निघाली, बाहेरून धान्य आलं, पुढे १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला. पाऊस दगा देतो तेव्हा पुढे काय होतं, हे धान्याचा साठा, पाण्याची सोय आणि एकमेकांना धरून ठेवणारी व्यवस्था यांवर ठरतं.

म्हणून सिनॉप्सिसमध्ये 'हवामानामुळे' लिहिण्याआधी तीन गोष्टी स्वतःला विचारा. हवामानाचा पुरावा वस्तीच्या पुराव्यापासून स्वतंत्र आहे का? दोन्हींच्या तारखा एकमेकांना जोडता येतील इतक्या नेमक्या आहेत का? आणि त्याच हवामानात टिकलेलं शेजारचं गाव तुम्ही पाहिलंत का? तिसऱ्या प्रश्नावरच बहुतेक जण अडतात. तुमचा खरा संशोधनविषय कदाचित तिथेच सापडेल.