स्टॉकमन डॉक्टर आणि गणपतीचा कारखाना

परळच्या आमच्या चाळीत महिन्यातून एका रविवारी दहा-बारा मंडळी जमतात आणि एखादे पुस्तक वाचतात. २०२५ च्या श्रावणात इब्सेनचे ‘अ‍ॅन एनिमी ऑफ द पीपल’ हे नाटक वाचावयास घेतले. निवड माझीच होती. प्लास्टरच्या मूर्तींवरून त्या वर्षी मुंबईत जो वाद माजला होता, त्यावर ह्या नाटकाने थोडा प्रकाश पडावा असा माझा मास्तरणीचा हिशेब होता. प्रकाश पडला, पण मी धरला होता त्या जागी नव्हे.

ज्यांनी नाटक वाचलेले नाही त्यांच्यासाठी कथानक थोडक्यात सांगते. नॉर्वेतल्या एका लहान गावात आरोग्यस्नानासाठी स्नानगृहे बांधली आहेत. बाहेरगावचे लोक येतात, गावाला चार पैसे मिळतात. तिथला वैद्यकीय अधिकारी डॉक्टर स्टॉकमन ह्याला पाण्याचा संशय येतो. तो नमुने विद्यापीठाकडे पाठवतो, आणि पाणी दूषित असल्याचे पत्र येते. नगराध्यक्ष असलेला त्याचा सख्खा भाऊ ते दडपू पाहतो. आधी पाठ थोपटणारे संपादक आणि छापखानेवाले, खर्च आपल्या माथी येणार असे दिसताच पाठ फिरवतात. जाहीर सभेत डॉक्टरला ‘लोकशत्रू’ ठरवले जाते, त्याच्या घराच्या काचा फुटतात. ‘घोस्ट्स’वर उठलेल्या काहुराने चिडलेल्या इब्सेनने हे नाटक १८८२ साली लिहिले, आणि ती चीड पानोपानी जाणवते.

वाचन संपले आणि आमच्याकडे गंमत झाली. समुद्रकिनाऱ्यावर विसर्जनानंतर सफाईला जाणारा एक तरुण म्हणाला, “बाई, हा तर आमचाच माणूस. आम्ही खरे बोलतो म्हणून लोक आम्हाला धर्मबुडवे म्हणतात.” त्यावर एका मंडळाचे जुने कार्यकर्ते उसळले. “अहो, स्टॉकमन तर आम्ही! सरकार, कोर्ट, महापालिका सगळे एका बाजूला, आणि आपल्या घरात आपला देव कसा आणावा एवढे स्वातंत्र्य मागणारे आम्ही दुसऱ्या बाजूला.” दोघेही मनापासून बोलत होते. एकच नायक दोन विरुद्ध बाजूंना आपला वाटतो, ह्याला नाटकाचे यश म्हणावे की दोष, ह्याचा मी त्या रात्री बराच वेळ विचार केला. माझे उत्तर असे की, तो दोष आहे, आणि नाटक इतके चांगले आहे की तो चटकन दिसत नाही.

पहिल्या तीन अंकांतला स्टॉकमन आपल्याला पाण्याविषयी सांगतो. चौथ्या अंकातल्या सभेत तो पाण्याचे नावच सोडतो आणि बहुमत नेहमीच चुकीचे असते, सत्य मूठभर शहाण्यांपाशीच असते, असे सांगू लागतो. टाळ्या घेणारा प्रवेश आहे खरा. पण पहिल्या गोष्टीतून दुसरी निघत नाही. पाण्यात जंतू आहेत की नाहीत हे हात वर करून ठरत नाही, हे कबूल. मात्र नळ नव्याने टाकायचे, दोन वर्षे स्नानगृहे बंद ठेवायची, तर त्या दोन वर्षांत कोणाच्या घरची चूल कशी पेटणार, हा प्रश्न चार माणसांना विचारूनच सुटावयाचा. इब्सेनने हा रास्त प्रश्न ढोंगी नगराध्यक्षाच्या तोंडी घातला, त्यामुळे प्रेक्षक तो न ऐकताच निकालात काढतो. आणि ज्यांची चूल त्यावर चालते ते स्नानगृहातले नोकर, टॉवेल धुणारे, पाणी तापवणारे, ह्यांच्यापैकी एकालाही पाच अंकांत बोलावयास जागा नाही.

आर्थर मिलरने १९५० साली ह्या नाटकाचे नवे रूपांतर केले, तेव्हा त्या सभेतल्या भाषणातला माणसा-माणसांत उच्चनीच वंश पाहणारा भाग त्याने काढून टाकला. महायुद्धानंतर तो सहन होण्यासारखा नव्हताच. सत्यजित रायांनी १९८९ मध्ये ‘गणशत्रू’ काढला आणि नळाचे पाणी थेट देवळाच्या तीर्थात आणून सोडले. डॉक्टरला रोगाविषयी प्रश्न येत नाहीत, तू हिंदू आहेस की नाहीस असा प्रश्न येतो. हा बदल करणाऱ्याला आपला समाज किती नीट ठाऊक होता! शेवटी बाहेर तरुणांच्या जयघोषाचा आवाज येतो. इब्सेनच्या एकट्या माणसापेक्षा रायांचा डॉक्टर भाग्यवान. तरीही देवळाबाहेर हार विकणाऱ्याला तिथेही कोणी विचारत नाही.

आता लालबागकडे येते. आमच्या चाळीपासून पाच मिनिटांवर एका मूर्तिकाराचा कारखाना आहे. त्याचे वडील मिलमध्ये होते. १९८२ च्या संपानंतर त्यांनी मामाच्या साच्यांवर हात बसवला. मुलगा माझा विद्यार्थी, म्हणून तो मला अजून ‘बाई’ म्हणतो. दिवाळीचे कंदील उतरले की त्याच्याकडे पुढच्या वर्षीची तयारी सुरू होते. मे महिन्यापर्यंत साच्यातून निघालेल्या पांढऱ्या मूर्ती माळ्यापर्यंत रचलेल्या असतात. रंग आणि डोळ्यांची आखणी शेवटी. प्लास्टर पाण्यात कालवले की काही मिनिटांत धरते. मोठ्या मूर्तीला काथ्या घातला की ती पोकळ आणि हलकी उभी राहते. शाडू जड, ठिसूळ आणि सावकाश वाळणारा, आणि त्याला वाळायला वेळ हवा तो नेमका पावसाळ्यात.

हे मला पुस्तकातून कळलेले नाही. २०२१ साली मी आमच्या चाळीतल्या अकरा बिऱ्हाडांच्या मागे लागले आणि शाडूच्याच मूर्ती सांगायला लावल्या. पर्यावरणाचे दोन-चार लेख वाचले होते, तेवढ्या भांडवलावर. आमच्या घरी त्याआधी वीस वर्षे प्लास्टरचीच मूर्ती येत होती, उचलायला हलकी म्हणून. ते सांगायचे मी सोयीस्करपणे विसरले. श्रावणात पावसाची झड लागली आणि अकरांतल्या चार मूर्तींना भेगा गेल्या. त्याने रात्री जागून दुसऱ्या केल्या, पैसे पहिल्याच मूर्तींचे घेतले. मला हे कळले ते गौरी गेल्यावर, त्याच्या बायकोकडून. स्टॉकमनच्या चौथ्या अंकावर मी एवढी का रुसले आहे, हे वाचकांच्या आता ध्यानात आले असेल.

आणि शास्त्र तरी काय म्हणते? प्लास्टर म्हणजे जिप्सम दीडशे अंशांच्या आसपास भाजून त्यातले बहुतेक पाणी घालवलेली भुकटी. तिला पाणी मिळाले की पुन्हा जिप्सम होते आणि मूर्ती घट्ट होते. हे जिप्सम लिटरभर पाण्यात जेमतेम दोन-अडीच ग्रॅम विरघळते. म्हणून विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी चौपाटीवर भग्न हात-सोंडा दिसतात, आणि ते दृश्य पाहून भाविकाच्याच पोटात कालवते. शाडूही विरघळत नाही. तो सुटतो, पसरतो आणि तळाशी गाळ होऊन बसतो. लहान तलावाला हा गाळही सोसत नाही. त्याहून मोठी भीती रंगाची, त्यातल्या शिसे-पाऱ्यासारख्या धातूंची; आणि तसला रंग शाडूच्या मूर्तीला फासला तर माती तेवढी निर्दोष राहते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने घरच्या बादलीत अमोनियम बायकार्बोनेट घालून प्लास्टरची मूर्ती विरवण्याची कृती दिली. मागे खडू आणि खत म्हणून चालणारे अमोनियम सल्फेट राहते. घरातल्या वीतभर मूर्तीला ती उत्तम. अठरा फुटांच्या मूर्तीला बादली कुठून आणावी?

म्हणजे इथे स्टॉकमनला आले तसे एकच पत्र येऊन निकाल लागत नाही. समुद्र आणि तलाव वेगळे, वीतभर आणि अठरा फूट वेगळे, माती आणि रंग वेगळे. असल्या प्रश्नावर नियम करणे अवघड असते हे मला मान्य आहे. पण आपल्याकडे नियम झाले कसे ते पाहा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने विसर्जनाविषयी २०१० मध्ये सूचना काढल्या. मे २०२० मध्ये त्या सुधारून प्लास्टरला मनाई केली, आणि पंधरवडा उलटण्याच्या आत केंद्र सरकारने ती वर्षभर पुढे ढकलली. ३० जानेवारी २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने बंदी कसोशीने पाळावयास सांगितले. माघी गणपतीतल्या काही मोठ्या मूर्ती विसर्जनावाचून राहिल्या. राज्य सरकारने डॉ. अनिल काकोडकरांच्या अध्यक्षतेखालील राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगाकडे प्रश्न सोपवला. ९ जूनला न्यायालयाने मूर्ती घडवण्यास आणि विकण्यास मोकळीक दिली, नैसर्गिक पाण्यात विसर्जनाला मात्र नाही. २४ जुलैला सहा फुटांपर्यंतच्या मूर्ती कृत्रिम तलावात आणि त्याहून उंच असतील त्यांना समुद्र खुला, अशी मार्च २०२६ पर्यंतची व्यवस्था झाली. दिवाळीपासून साचे भरणाऱ्या माणसाला आपला माल विकता येईल हे चतुर्थीच्या अडीच महिने आधी कळले! आणि नियम पाळायचा तो घरातल्या छोट्या मूर्तीने. समुद्राला ज्याचा भार अधिक, तो उंच गणपती तलावात मावत नाही म्हणून सुटला. व्यवहार म्हणून हे मी समजू शकते. शास्त्राच्या नावाने कोणी ते माझ्या गळी उतरवू नये.

व्यक्तिस्वातंत्र्याचा झेंडा घेणाऱ्यांनाही मला एक विचारायचे आहे. घरात मूर्ती कशी आणावी हे माझे स्वातंत्र्य. ती चौपाटीवर नेऊन सोडली की तिथून पुढे ते माझे एकटीचे राहते काय? गिरगावात केशवजी नाईकांच्या चाळीत १८९३ पासून सार्वजनिक गणपती बसतो, आणि तिथली मूर्ती आजही लहान असते. उंचीला परंपरा म्हणावयाचे असेल तर आधी त्या चाळीत जाऊन यावे.

मंडळींना मी त्या रविवारी नाटकाचा आणखी एक नायक सांगितला, आणि त्याला तर आमच्या परळचाच पत्ता आहे. आचार्य दोंदे मार्गावर आज हाफकिन संस्था आहे ते जुने गव्हर्न्मेंट हाउस. १८९६ साली मुंबईत प्लेग आला तेव्हा ओडेसाचा हा ज्यू शास्त्रज्ञ, वॉल्डेमार हाफकिन, ग्रँट मेडिकल कॉलेजात लस करण्याच्या उद्योगाला लागला आणि १० जानेवारी १८९७ रोजी त्याने ती पहिल्यांदा स्वतःलाच टोचली. प्रयोगशाळा परळला आली १८९९ मध्ये. त्याच काळात सरकार १८९७ च्या साथरोग कायद्याच्या बळावर घरोघर शिरून रोगी उचलून नेत होते. पुण्यात त्या झडत्यांचा शेवट रँडच्या वधात झाला. मुंबईत मार्च १८९८ मध्ये दंगल उसळली. रोग तोच, शास्त्रही तेच. एकीकडे शिपाई दार ठोठावतो आहे, आणि दुसरीकडे आगाखान चारचौघांसमोर बाही वर करून लस टोचून घेत आहेत, अनुयायांनी पाहावे म्हणून.

हाफकिनला फळ काय मिळाले? १९०२ मध्ये पंजाबातल्या मुलकोवाल गावी एका बाटलीतली लस टोचलेली एकोणीस माणसे धनुर्वाताने दगावली. सरकारने त्याला बाजूला केले. दोष त्याच्या प्रयोगशाळेचा नव्हता हे मान्य व्हायला १९०७ उजाडले. हाही लोकशत्रू ठरवला गेला, आणि तोही सरकारकडून. पण ह्या माणसाने बहुमत मूर्ख असते असा सिद्धान्त मांडला नाही. त्याला माणसांच्या दंडाशी काम होते, त्यामुळे त्यांची मने वळवण्यावाचून त्याला गत्यंतर नव्हते. इब्सेनला हा भेटला असता तर चौथा अंक कदाचित वेगळा झाला असता. असो, भेटला नाही.

एवढे सगळे बोलूनही ते नाटक मी वाईट म्हणणार नाही. पहिल्या अंकात पत्र हातात आल्यावर त्या भोळ्या डॉक्टरला जो आनंद होतो, गाव आता आपली मिरवणूक काढील असे जे त्याला वाटते, तो प्रवेश लिहिणाऱ्याला माणूस कळला होता. मी २०२१ साली अकरा बिऱ्हाडांची यादी घेऊन जिना उतरत होते तेव्हा माझा चेहरा तसाच असणार.

त्या वर्षी गणपती झाल्यावर मी माझ्या विद्यार्थ्याच्या कारखान्यात गेले. साचे पुसून फळीवर ठेवले होते, कोपऱ्यात शाडूची पोती. पुढच्या वर्षासाठी निम्मी मूर्ती मातीची धरणार म्हणाला; मात्र माळ्यावर पंखे बसवायचे, आणि ऑर्डर आषाढाआधी द्यायची, उशिरा आलेल्याला नाही. मी त्याला नाटकाची गोष्ट सांगितली, अगदी काचा फुटेपर्यंत. तो हातातला ब्रश धूत ऐकत होता.

“आणि बाई, त्या पाण्याचं शेवटी काय झालं? नळ बदलले का?”

घरी येऊन मी पाचवा अंक पुन्हा चाळला. भाऊ आहे, सासरा आहे, फुटलेल्या काचा आहेत, डॉक्टरची नवी शाळा काढण्याची गोष्टही आहे. नळांचे पुढे काय झाले ते कुठेच लिहिलेले नाही.