सहा व्ही आणि दोन अंगठे

या खेळाचे नाव म्हणजे सलग सहा वेळा ‘व्ही’. मोठ्याने म्हटले तर घरची मंडळी कुकर बंद करायला धावतात. आयर्लंडच्या टेरी कॅव्हना यांनी तो २०१० साली संगणकासाठी केला, २०१४ साली तो मोबाईलवर आला, आणि दिसतो मात्र १९८२ च्या कमोडोर ६४ वरचा असावा तसा: ठोकळ्यांची माणसे आणि मोजके रंग.

कथानक आटोपशीर आहे. यान बिघडते, कप्तान व्हिरिडियनची पाच सोबत्यांशी ताटातूट होते, त्यांना शोधायचे. असल्या खेळांत नायकाने उड्या मारायच्या हा शिरस्ता. या गृहस्थांना उडीच येत नाही. ते गुरुत्वाकर्षण उलटे करतात. जमिनीवरून थेट छताला, छतावरून पुन्हा जमिनीला. वाटेत जागोजाग सुळे. नख लागले की कप्तान खलास!

म्हणजे खेळ दुष्ट आहे का? मुळीच नाही. अवघड आणि अन्यायी यांत लोक गल्लत करतात. वाणिज्य शाखेच्या माणसाने करू नये. जुने नाणे टाकून खेळायचे खेळ दोन-तीन जीव देत आणि पुढच्या नाण्याची वाट पाहत. तिथे मरण हा मालकाचा धंदा होता. इथे जीव अगणित. मेलात की पापणी लवायच्या आत जवळच्याच खुणेपाशी पुन्हा उभे. दंड नाही, व्याज नाही. तोच फॉर्म तिसऱ्यांदा चुकवून आणणाऱ्या गिऱ्हाइकाकडे आम्ही काउंटरवरून ज्या नजरेने पाहतो, ती नजरही नाही. मरणांचा आकडा तेवढा शेवटी चोख दाखवतात. हिशेब हवाच.

एके ठिकाणी इवलासा ठोकळा आहे. पलीकडे एक चकाकती वस्तू. उडी येत नाही, म्हणून तेवढा ठोकळा ओलांडायला सुळ्यांच्या भुयारातून कितीतरी पडदे वर जायचे आणि तसेच खाली यायचे. ती वस्तू न घेताही खेळ पुरा होतो. घेतली म्हणून बढती नाही, सोडली म्हणून मेमो नाही. केवळ ‘जमते का पाहू’ म्हणून करायचे असे काम चाळिशीनंतर माणसाच्या वाट्याला कितीसे येते?

दोष आहे तो काचेचा. खेळ मूळचा कळफलकाचा. कळ दाबली की बोटाला कळते, काच मुकी. डावा अंगठा सरकवायचा, उजव्याने टिचकी मारायची. त्यात अंगठा घामाने घसरला, की आपण मेलो ते स्वतःच्या कर्माने की काचेच्या, हे समजत नाही. ज्या खेळाचा सारा मोठेपणा ‘चूक तुझी, पुन्हा कर’ या रोखठोक व्यवहारात आहे, त्याच्या खात्यात ही खाडाखोड शोभत नाही.

तेव्हा कळफलक असेल त्याने कळफलकावरच खेळावे. नसेल त्याने अंगठे पुसून बसावे, पण खेळावे जरूर. मी अजून ठोकळ्याच्या अलीकडेच आहे. वस्तू चकाकते आहे.